अर्ध्या सेंटचं स्टेडियम

परवा जुने फोटो चाळताना 2004 सालचा एक फोटो सापडला. मी आणि माझे दोन रूममेट, तिघांच्याही डोक्यावर निळ्या टोप्या, तिघांचे चेहरे घामाने डबडबलेले आणि मागे लाल विटांची प्रचंड कमान. डॅलस आणि फोर्ट वर्थ या दोन शहरांच्या मधोमध अर्लिंग्टन नावाचं गाव आहे, तिथलं हे बेसबॉल स्टेडियम. टीमचं नाव टेक्सास रेंजर्स. तेव्हा मी ऑनसाइटला होतो, अर्व्हिंगमध्ये. अमेरिकेत येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिकीट स्वस्त होतं आणि शनिवारची संध्याकाळ रिकामी होती.

त्या संध्याकाळी काय खेळ झाला ते अजिबात आठवत नाही. आठवतात त्या दोनच गोष्टी. एक म्हणजे तिथे पोचायला झालेला त्रास. आमच्यापैकी फक्त एकाकडे लायसन्स होतं आणि त्याची गाडी गॅरेजमध्ये होती. मी अर्व्हिंगमध्ये रोज बसने ऑफिसला जायचो, त्यामुळे माझा समज असा की अर्लिंग्टनलाही बस असणारच. साडेतीन लाखांच्या आसपास वस्ती, मोटारींचा मोठा कारखाना, युनिव्हर्सिटी, स्टेडियम! पण छे. त्या गावात सार्वजनिक बस नावाचा प्रकारच नव्हता. एकही नाही. शेवटी एका टीममेटच्या हातापाया पडून त्याच्या गाडीतून गेलो.

दुसरी गोष्ट म्हणजे शेजारच्या सीटवरचे आजोबा. आम्ही नवखे आहोत हे ओळखून त्यांनी पहिल्यापासून शिकवायला घेतलं. खेळाचे नियम सांगून झाले आणि मग डगआउटजवळच्या पुढच्या रांगेकडे बोट दाखवून ते म्हणाले, जॉर्ज तिथे बसायचा. कोण जॉर्ज? अहो, तुमचा-आमचा प्रेसिडेंट!

ते निवडणुकीचं वर्ष होतं. बुश विरुद्ध केरी. टेक्सासमध्ये निकाल काय लागणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण आजोबांच्या त्या वाक्याने माझ्या डोक्यात एक किडा सोडला, तो आजवर गेलेला नाही. स्टेडियम आणि व्हाइट हाउस यांचा संबंध काय? नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की संबंध फार जवळचा आहे, आणि त्या गावात बस नसण्याचा धागाही याच गोष्टीतून जातो. या शनिवारी तीच गोष्ट.

टीम आली कुठून?

रेंजर्स मूळचे टेक्सासचे नाहीत. ते वॉशिंग्टनचे, चक्क राजधानीतले. तिथे त्यांचं नाव सेनेटर्स होतं. 1971 चा सीझन संपल्यावर मालकाने टीम उचलली आणि 1972 साली अर्लिंग्टनला आणून बसवली. आपल्याला हे विचित्र वाटतं. मुंबईचा रणजी संघ उद्या उठून इंदूरला गेला तर कसं वाटेल? पण अमेरिकेत टीम ही मालकाची खाजगी मालमत्ता असते. दुकान हलवावं तशी ती हलवता येते.

अर्लिंग्टनचे तेव्हाचे महापौर टॉम व्हँडरग्रिफ हे मोठे खटपटी गृहस्थ. जनरल मोटर्सचा कारखाना 1954 साली त्यांच्याच काळात तिथे सुरू झाला, 1961 साली सिक्स फ्लॅग्ज हे मनोरंजन पार्क आलं. मग पुढचा नंबर बेसबॉल टीमचा. डॅलस आणि फोर्ट वर्थ या दोन मोठ्या भावांमध्ये दबलेल्या गावाला आपलं नाव नकाशावर हवं होतं. ही भूक खोटी नव्हती. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर ती आधी लक्षात घ्यायला हवी.

आता इथे थोडं अर्थशास्त्र. अमेरिकेत प्रोफेशनल लीगमध्ये टीम किती असाव्यात हे लीगच ठरवते, म्हणजे टीमचे मालकच ठरवतात. इंग्लंडच्या फुटबॉलसारखं खालच्या डिव्हिजनमधून खेळून वर यायची सोय नाही. बेसबॉलला तर 1922 साली सुप्रीम कोर्टाने मक्तेदारीविरोधी कायद्यातून चक्क सूट दिली. त्यामुळे टीमची संख्या नेहमी शहरांच्या मागणीपेक्षा थोडी कमी राहते. एखादं भुकेलं शहर कायम रिकामं ठेवायचं, म्हणजे बाकीच्यांना त्याची भीती दाखवता येते. "आम्हाला नवं स्टेडियम द्या, नाहीतर आम्ही तिकडे जातो." दरवेळी हे वाक्य तोंडाने म्हणावंही लागत नाही. समजणाऱ्याला समजतं.

धाकट्या बुशांची पंचाईत

1988 साल. थोरले बुश अध्यक्ष म्हणून निवडून आले. धाकट्यांनी, म्हणजे जॉर्ज डब्ल्यू. यांनी, बापाच्या प्रचारात काम केलं होतं. पण स्वतःच्या नावावर काय? 1978 साली पश्चिम टेक्सासमधून काँग्रेसची निवडणूक लढवली आणि हरले. मग तेलाच्या धंद्यात पडले. धंदा दुसऱ्या कंपनीत विलीन झाला आणि 1986 साली तेलाचे भाव कोसळले. तिथून तिसऱ्या कंपनीत, हार्केन एनर्जीमध्ये. टेक्सासचं गव्हर्नरपद खुणावत होतं, पण मतदार विचारणारच की, बाबा रे, वडिलांचं नाव बाजूला ठेवलं तर तू काय केलंस?

उत्तर मिळालं 1989 साली. रेंजर्स विकायला निघाले. गुंतवणूकदारांचा एक गट तयार झाला आणि त्यांनी साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास मोजून टीम विकत घेतली. त्यात धाकट्या बुशांचे पैसे किती? सुमारे 6 लाख डॉलर. त्यातलेही 5 लाख बँकेकडून कर्जाऊ. टीममध्ये त्यांचा वाटा 2 टक्क्यांपेक्षा कमी. पण टीमचा चेहरा मात्र तेच. मॅनेजिंग जनरल पार्टनर. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर ईएसओपी थोडे, पण क्लायंटसमोर प्रेझेंटेशन द्यायला हेच.

आणि हे काम त्यांनी उत्तम केलं, यात वाद नाही. ते मालकांच्या एसी बॉक्समध्ये बसले नाहीत. डगआउटशेजारी, उन्हात, लोकांमध्ये बसायचे. शेंगदाणे खायचे, स्वतःचा फोटो असलेल्या बेसबॉल कार्डांवर सह्या करायचे. त्याच काळात नोलन रायन हा टेक्सासचा लाडका पिचर रेंजर्समध्ये होता. 1989 साली त्याने पाच हजारावा स्ट्राइकआउट घेतला. अख्खं राज्य टीव्हीला डोळे लावून बसायचं, आणि कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात कोण दिसायचं? हेच. प्रचाराचा एक डॉलरही खर्च न करता एवढी प्रसिद्धी कोणाला मिळते? (त्याच वर्षी त्यांच्या टीमने सॅमी सोसा नावाच्या पोरसवदा खेळाडूला शिकागोला देऊन टाकलं. तो पुढे होमरनचा बादशहा झाला. या चुकीबद्दल बुशसाहेब पुढे स्वतःच स्वतःची थट्टा करायचे.)

1990 साली त्यांनी हार्केनचे शेअर साडेआठ लाख डॉलरच्या आसपास विकले आणि टीमसाठी काढलेलं कर्ज फेडलं. त्या विक्रीची चौकशी झाली, कारवाई झाली नाही. असो. आपला विषय स्टेडियम आहे.

अर्धा सेंट

जुनं स्टेडियम साधं होतं. महागडे बॉक्स कमी, म्हणून कमाई कमी. नव्या मालकांना नवं हवं होतं. टीम गाव सोडून जाईल ही धास्ती हवेत होतीच. अर्लिंग्टनच्या नगरपालिकेने तोडगा काढला तो असा: विक्रीकरात दर डॉलरमागे अर्ध्या सेंटची वाढ. 100 डॉलरची खरेदी केलीत तर 50 सेंट स्टेडियमला.

अर्धा सेंट! ऐकायला किती छोटं वाटतं. पण टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे विक्रीकर हा कराचा मोठा आधार आहे. आणि विक्रीकर सगळ्यांना सारखाच लागतो. पोराच्या शाळेचे बूट घेणाऱ्या बाईला जो दर, तोच करोडपतीला. फरक एवढाच की तिची जवळजवळ सगळी कमाई खरेदीत जाते, करोडपतीची जात नाही. म्हणजे टक्केवारीत पाहिलं तर कर जास्त भरते ती.

जानेवारी 1991 मध्ये, म्हणजे थोरल्या बुशांनी इराकवर हवाई हल्ले सुरू केले त्याच महिन्यात, अर्लिंग्टनमध्ये या करावर मतदान झालं. 65 टक्के लोक हो म्हणाले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. कोणी लादलेला निर्णय नव्हता हा.

नंतर राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून एक खास प्राधिकरण स्थापन केलं आणि त्याला सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार दिला. सरकारी रस्त्यासाठी घेतात तशी. फक्त इथे जमीन जायची होती खाजगी टीमच्या कामाला, आणि तीही नुसत्या मैदानाला लागते त्याहून कितीतरी जास्त. एका कुटुंबाची 13 एकर जमीन अशीच गेली. त्यांनी किमतीवरून कोर्टात धाव घेतली. ज्युरीने जी किंमत ठरवली ती 40 लाख डॉलरच्या वर होती, प्राधिकरणाने देऊ केलेल्या रकमेच्या कितीतरी पट.

स्टेडियम एप्रिल 1994 मध्ये उघडलं. खर्च 19 कोटी 10 लाख डॉलर. त्यातले 13 कोटी 50 लाख लोकांच्या करातून. लाल विटा, कमानी, जुन्या काळाची आठवण करून देणारी बांधणी. सुंदर होतं हो, खरंच सुंदर होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला, सीझन अर्ध्यावर बुडाला आणि वर्ल्ड सीरिज रद्द झाली. गंमत म्हणजे रेंजर्स तेव्हा आपल्या डिव्हिजनमध्ये पहिले होते, 52 जिंकून आणि 62 हरून! बाकीचे आणखी वाईट होते म्हणून. पण मालकसाहेबांचं लक्ष आता दुसऱ्या स्कोअरबोर्डकडे होतं. नोव्हेंबर 1994 मध्ये त्यांनी गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांना हरवलं. लोकप्रिय बाई, फर्ड्या वक्त्या, 1988 च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात थोरल्या बुशांची यथेच्छ टिंगल करणाऱ्या. त्यांच्याविरुद्ध धाकट्याकडे आता उत्तर होतं. मी काय केलं? ते बघा, तिकडे उभं आहे, लाल विटांचं.

पंचवीस पट

1998 साली टीम विकली गेली. घेणारे टॉम हिक्स, डॅलसचे मोठे गुंतवणूकदार. किंमत 25 कोटी डॉलर, म्हणजे नऊ वर्षांत जवळजवळ तिप्पट. त्या नऊ वर्षांत टीमने काय असं जिंकलं होतं? 1996 साली एक डिव्हिजन, बस. मग भाव कशाचा वाढला? एक कारण म्हणजे त्या काळात सगळ्याच टीमच्या किमती चढत होत्या. पण दुसरं मोठं कारण ते नवं स्टेडियम, त्यातले बॉक्स, आणि स्टेडियम पुढे विकत घेण्याचा टीमला दिलेला हक्क.

बुशांच्या हाती आले 1 कोटी 49 लाख डॉलर. 6 लाखांचे जवळजवळ पंचवीस पट. यातले सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलर त्यांच्या मूळ गुंतवणुकीवर नव्हते. भागीदारांनी आधीच ठरवलं होतं की आपले पैसे व्याजासकट वसूल झाले की बुशांना आणखी 10 टक्के वाटा द्यायचा. सगळं कायदेशीर. कागदोपत्री चोख.

मग 2000 साल, अध्यक्षपदाची निवडणूक. प्रचारातला मुख्य मुद्दा कोणता? करकपात. पैसा सरकारचा नाही, लोकांचा आहे, तो लोकांना परत द्या. 2001 साली 1 लाख 35 हजार कोटी डॉलरची करकपात मंजूरही झाली. मला या माणसाच्या ढोंगाचा राग येत नाही, कारण मला वाटतं हे ढोंग नव्हतंच. त्यांना मनापासून वाटत होतं की कर वाईट आणि धंदा चांगला. आपल्या धंद्यात अर्लिंग्टनच्या बाईचा अर्धा सेंट मिसळलेला आहे हे त्यांच्या हिशोबात कुठे दिसतच नव्हतं. आपण नाही का, सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात नाममात्र फीमध्ये शिकतो आणि मग म्हणतो, मी सगळं स्वतःच्या जिवावर केलं.

डिसेंबर 2000 मध्ये, ज्या आठवड्यात सुप्रीम कोर्टाने फ्लोरिडाची फेरमोजणी थांबवून बुशांचा मार्ग मोकळा केला, त्याच आठवड्यात हिक्सनी अॅलेक्स रॉड्रिगेझ या खेळाडूला करारबद्ध केलं. 10 वर्षं, 25 कोटी 20 लाख डॉलर. म्हणजे अख्खी टीम घेतली त्याहून जास्त पैसे एका खेळाडूला! तीन वर्षं रेंजर्स तळाला राहिले. 2004 च्या सुरुवातीला त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं, आणि वर त्याच्या पगाराचा मोठा हिस्साही आपणच भरायचा ठरला. मी पोचलो तेव्हा आजोबा अजून याच दुःखात होते.

पाटीवरचं नाव

माझ्या त्या फोटोत कमानीवर एक नाव दिसतं: अमेरिक्वेस्ट फील्ड. 2004 साली एका कंपनीने स्टेडियमला आपलं नाव देण्याचे हक्क घेतले, ती ही कंपनी. तेव्हा मला वाटलं, विमा-बिमा असेल काहीतरी.

अमेरिक्वेस्ट घरांसाठी कर्ज द्यायची. ज्यांची पत कमी त्यांना, चढ्या व्याजाने. सबप्राइम हा शब्द आपण सगळे 2008 साली शिकलो. त्या धंद्यातली ही बडी कंपनी. तिचे मालक रोलंड अर्नॉल हे 2004 च्या निवडणुकीत बुशांच्या बाजूने सर्वात मोठ्या देणग्या देणाऱ्यांपैकी एक. बुशांची त्या वर्षीची घोषणा होती ओनरशिप सोसायटी, प्रत्येक जण मालक. जानेवारी 2006 मध्ये अमेरिक्वेस्टने फसव्या कर्जांच्या तक्रारींवर 49 राज्यांशी 32 कोटी 50 लाख डॉलरची तडजोड केली. त्यानंतर लवकरच अर्नॉल नेदरलँड्समध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून रुजू झाले. 2007 साली स्टेडियमवरची पाटी उतरवली गेली आणि त्याच वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला. पुढच्या वर्षी जे झालं ते तुम्हाला माहीतच आहे. आपल्यापैकी कितीजणांचे प्रोजेक्ट तेव्हा बंद पडले आणि कितीजण महिनोन्महिने बेंचवर बसले, आठवतंय ना?

त्या लाटेत हिक्सही बुडाले. मे 2010 मध्ये रेंजर्सनी दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑगस्टमध्ये लिलाव झाला. घेणाऱ्या गटात कोण? तोच नोलन रायन! किंमत 59 कोटी 30 लाख डॉलर. दिवाळखोर टीमची ही किंमत, बरं का. आणि त्याच वर्षी दिवाळखोर टीम पहिल्यांदाच वर्ल्ड सीरिजमध्ये पोचली. हरली, तो भाग वेगळा.

मग फायदा झाला की नाही?

स्टेडियमच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद असा: रोजगार येतो, हॉटेलं चालतात, शहराचं उत्पन्न वाढतं. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबलिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी 1997 साली या विषयावर एक जाडजूड पुस्तक संपादित केलं. सार एवढंच की हिशोब जुळत नाही. कारण सोपं आहे. एखादं कुटुंब महिन्याला 200 डॉलर करमणुकीवर खर्च करत असेल तर स्टेडियम आल्यावर ते 400 करत नाही. सिनेमा आणि हॉटेलातले पैसे उचलून स्टेडियममध्ये टाकतं. शिवाय सिनेमागृहातले पैसे बरेचसे गावातच फिरतात. स्टेडियममधले जातात मालक आणि खेळाडूंकडे, ज्यांची घरं बहुतेक दुसरीकडेच असतात.

कायद्याने हे थांबवायचा प्रयत्न केला नाही असंही नाही, आणि ही गोष्ट आपल्या धंद्यातल्या माणसाला फार जवळची वाटेल. नगरपालिकांच्या रोख्यांवरचं व्याज केंद्रीय करातून माफ असतं, म्हणून ते कर्ज स्वस्त पडतं. स्टेडियमसाठी याचा गैरवापर होतो म्हणून 1986 साली काँग्रेसने नियम घातला: कर्जाचे 10 टक्क्यांपेक्षा जास्त हप्ते स्टेडियमच्या उत्पन्नातून फेडले जात असतील तर सवलत नाही. कल्पना अशी की उरलेले 90 टक्के स्वतःच्या खिशातून भरण्याइतकं कोणतं शहर वेडं असेल?

बरीच निघाली. शहरांनी सवलत टिकवण्यासाठी टीमकडून भाडं कमी घेतलं आणि हप्ते करातून भरले. बग फिक्स करायला गेलो आणि त्या पॅचनेच सिस्टिम जास्त बिघडवली. सेनेटर मॉयनिहन यांनी 1996 साली हा बग दुरुस्त करायचं विधेयक आणलं, पण ते पुढे सरकलं नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. माझ्यासारख्या उदारमतवाद्याला ही गोष्ट रिपब्लिकन लबाडीची म्हणून सांगायला फार आवडेल. पण तशी ती नाही. जमीन घेणारा कायदा झाला तेव्हा गव्हर्नर डेमोक्रॅट रिचर्ड्सबाई होत्या. बॉल्टिमोरचं 1992 चं गाजलेलं स्टेडियम डेमोक्रॅट गव्हर्नरने लॉटरीच्या पैशातून उभं केलं. 2022 साली न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅट गव्हर्नर होचुल यांनी बफेलोच्या फुटबॉल टीमला राज्य आणि काउंटी मिळून 85 कोटी डॉलर दिले. वॉशिंग्टन शहर तर पक्कं डेमोक्रॅट. 1971 साली गेलेल्या टीमची भरपाई म्हणून 2005 साली त्यांनी दुसरी टीम आणवली आणि तिच्या स्टेडियमला 60 कोटी डॉलरहून जास्त मोजले. मार्च 2008 मध्ये तिथे उद्घाटनाचा पहिला चेंडू टाकला तो... बरोबर, बुशसाहेबांनी.

आणखी एक. अर्लिंग्टनने आपलं कर्ज दहा वर्षं आधीच, 2001 साली फेडलं. अर्धा सेंट बंद झाला. म्हणजे नगरपालिका बेजबाबदार होती असंही म्हणता येत नाही.

आणि ती बस

इथेच माझ्या दृष्टीने गोष्ट खरी सुरू होते.

टेक्सासच्या कायद्याप्रमाणे विक्रीकरात शहरं जास्तीत जास्त 2 सेंट घालू शकतात. त्यात सगळं बसवायचं. डॅलसच्या आजूबाजूच्या ज्या गावांना तिथल्या बस आणि रेल्वेच्या जाळ्यात यायचं असतं, त्यांनी पूर्ण 1 सेंट त्याला द्यायचा. अर्व्हिंगने तो दिला होता, म्हणून मला बस मिळत होती. स्टोअरमधून प्रेशर कुकर घेताना मी भरलेल्या करातलाच एक सेंट मला रोज ऑफिसला पोचवत होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

अर्लिंग्टनमध्ये 2001 साली अर्धा सेंट मोकळा झाला. 2002 साली लोकांना विचारलं, बससेवेसाठी कर भरता का? लोक म्हणाले, नाही. हा नकार पहिला नव्हता, आधीही दोनदा असंच झालं होतं. मग 2004 साली, मी तिथे असतानाच, विचारलं, डॅलस काउबॉईज या फुटबॉल टीमच्या स्टेडियमसाठी अर्धा सेंट भरता का? 55 टक्के म्हणाले, हो!

आमच्या ऑफिसमध्ये संध्याकाळी साफसफाईला एक बाई यायच्या. पन्नाशीच्या, मेक्सिकोच्या. माझं स्पॅनिश शून्य, त्यांचं इंग्रजी कामापुरतं, पण रिलीजच्या रात्री उशिरापर्यंत थांबलेल्या पोरांकडे त्या मायेने बघायच्या. एकदा त्यांनी आम्हाला घरचे तमाले आणून दिले होते, हळदीच्या पानाऐवजी मक्याच्या पानातल्या पातोळ्याच जणू. त्या अर्लिंग्टनला राहायच्या. भाचा गाडीने सोडायचा. गाडी बिघडली की दांडी, दांडी म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. अंतर फार नव्हतं, गाडीने अर्धा तास. त्या शरद ऋतूत एकदा भाच्याची गाडी बंद पडली ती पडलीच. आधी दोन दिवस आल्या नाहीत, मग आठवडा, मग दुसरंच कोणी येऊ लागलं. आम्ही एकमेकांना विचारलं, अरे, त्या मावशी कुठे गेल्या? आणि पुन्हा टिकेटं क्लोज करायला बसलो.

त्याच आठवड्यात की पुढच्या, ते आठवत नाही, पण अर्लिंग्टनने काउबॉईजना हो म्हटल्याची बातमी आली. आमच्या फ्लोअरवर टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

यातलं एक दुसऱ्याचं थेट कारण आहे असं मी म्हणत नाही. अर्धा सेंट स्टेडियमला गेला नसता तरी तो बसला मिळालाच असता असं नाही. लोकांनी 2002 साली नाही म्हटलंच होतं. पण स्टेडियमवर तो खर्च झाल्यावर शहराचे 2 सेंट जवळजवळ भरून गेले आणि बसच्या पूर्ण सेंटला जागाच उरली नाही. हे लोकशाहीतच झालं, खुल्या मतदानाने. त्या बाईंना तिथे मताचा हक्क होता की नाही, मला माहीत नाही. विक्रीकर मात्र त्या नक्की भरत होत्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. लाल विटांचं ते स्टेडियम पंचवीस वर्षांत जुनं ठरलं. कारण उकाडा! 8 नोव्हेंबर 2016 ला, ज्या दिवशी ट्रम्प निवडून आले त्याच दिवशी, अर्लिंग्टनच्या 60 टक्के मतदारांनी नव्या स्टेडियमला हो म्हटलं. शहराचा वाटा 50 कोटी डॉलरपर्यंत. छप्पर सरकतं, आत एसी. 2020 साली ते उघडलं. 2026 च्या फुटबॉल वर्ल्ड कपचे 9 सामनेही अर्लिंग्टनच्याच वाट्याला आले, शेजारच्या काउबॉईजच्या स्टेडियमला. आणि बस? 2013 साली एक मार्ग सुरू झाला, एकच. 2017 च्या शेवटी तो बंद करून ॲपवरून बोलवायच्या व्हॅन आणल्या.

2 नोव्हेंबर 2023 ची सकाळ. पुण्यात माझं स्टँडअप सुरू होतं आणि दुसऱ्या विंडोत मॅच. रेंजर्सनी इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज जिंकली. मी म्यूटवर होतो म्हणून बरं, कारण मी खुर्चीतून उठून ओरडलो. ते आजोबा असतील तर आता नव्वदीचे असतील. त्यांना हे बघायला मिळालं असावं असं फार वाटलं.

म्हणजे मलाही तेच आहे. खेळाचं वेड खरं असतं आणि त्याच्यावर कर बसवणं सोपं असतं. बसचं वेड कोणालाच नसतं. बस जिंकत नाही, बसची परेड निघत नाही, बससोबत फोटो काढून कोणी गव्हर्नर होत नाही. म्हणून मतपेटीत बस हरते, अर्लिंग्टनमध्येही आणि इतरत्रही. एप्रिल 2024 मध्ये कॅन्ससजवळच्या जॅक्सन काउंटीत लोकांनी स्टेडियमच्या कराला 58 टक्क्यांनी नकार दिला, हे वाचून मला बरं वाटलं. पण तो माझ्या टीमचा गाव नव्हता, त्यामुळे बरं वाटणं सोपं होतं.

तो फोटो मी पुन्हा अल्बममध्ये ठेवला. तिघांच्या टोप्या, लाल कमान आणि पाटीवर एका बुडालेल्या कंपनीचं नाव. घरी कसे परतलो ते फोटोत नाही. सांगतो: पार्किंगमध्ये तासभर थांबून, त्याच टीममेटच्या गाडीतून. त्याने नाही म्हटलं असतं तर अर्व्हिंगपर्यंत चालत यायला लागलं असतं.